बॉडीला अर्थ

सोमवार, ३ तारीख

जगात मोठमोठे अन्याय होतात आणि त्यांच्यासाठी आयोग नेमले जातात. माझ्यासाठी कोण नेमणार? गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरली आणि काटा म्हणतो, रिकामी. इंजिन उकळलं तरी तापमानाचा काटा थंड. बॅटरीचा काटा तर दिवसातून दोनदा मरतो आणि परत जिवंत होतो. वेगाचा तेवढा खरं बोलतो, कारण तो तारेवर नाही, केबलवर चालतो.

बाकी आगमन झकास. शब्दकोशाच्या कचेरीत नोकरी, म्हणजे दिवसभर शब्दांचे अर्थ लावायचे आणि महिनाअखेर पगाराचा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खिडक्या चक्क उघडतात. घरमालकीणबाईंनी किल्ल्यांबरोबर आपल्या दिवंगत नवऱ्याची तीस वर्षांची गाडीही माझ्या गळ्यात घातली. वापरा, तुमचीच समजा, म्हणाल्या. एवढा चांगुलपणा मी नातेवाइकांतही पाहिलेला नाही. बायको शनिवारी सामान घेऊन येतेय. तोवर काटे सरळ करायला हवेत. नाहीतर म्हणेल, मिळाली ती गाडीही तुमच्यासारखीच, वरून बरी आणि आतून खोटारडी.

मंगळवार, ४

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे गेलो. भिंतीवर एक फळी, तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगात काढलेली आणि आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. आमच्या कचेरीत माणसंसुद्धा इतकी जागच्या जागी नसतात.

मिस्त्रींनी प्रश्न विचारले. फ्यूज बघितले? बघितले. टाकीतला फ्लोट? तोही ठीक. मग म्हणाले, साहेब, हिला अर्थ लागत नाहीये. मी म्हटलं, तो कचेरीत मलाही लागत नाही. ते हसले नाहीत. अर्थ म्हणजे अर्थिंग, काट्यांच्या मागून निघून गाडीच्या पत्र्याला आवळायची काळी तार. ती सुटली की काटे वेडे होतात. बॉडीला अर्थ द्या, सगळे सरळ होतील. पण स्वतः यायला तयार नाहीत. ती गाडी ओळखतो, म्हणाले, आणि दहा नंबरचा पाना माझ्या हातात कोंबून भर दुपारी शटर ओढलं. पाना तेवढा आठवणीने परत करा, हे आतून ओरडून सांगितलं.

बुधवार, ५

कचेरीतून येऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. काळी तार सापडली, टोक उघडं, लोंबतंय. पत्रा घासून लावली, काटे मेलेले. दुसऱ्या बोल्टला लावली, मेलेले. वैतागून टोक नुसतं चिमटीत धरलं आणि तिन्ही काटे एकदम उठले. पेट्रोल पाऊण टाकी, तापमान मध्यावर, बॅटरी तगडी. मग तार बोल्टला आवळली. काटे जागचे हलले नाहीत.

बाई खालच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवार, ६

गाडी दिवसभर जागेवर, किल्ली माझ्या खिशात, तरी काटे उभे. कामाच्या नादात माझं जेवण हुकलं. संध्याकाळी पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली. चोरी झाली असेल म्हणून टाकीत काठी घालून पाहिली, तर भरलेली.

वर जाऊन पाव आणि अंडी खाल्ली. खाली आलो. काटा पाऊण.

हसलो. मग हसू आवरलं. सकाळी मुद्दाम काही न खाता जाणार आहे.

शुक्रवार, ७

उपाशी गेलो, पेट्रोलचा काटा पाव टाकीवर. शिवाय मला ताप. इंजिन दगडासारखं गार आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात.

तार सोडवली. सुटली, पण काटे तसेच.

मिस्त्री शटरच्या फटीतून बोलले. बाईंच्या नवऱ्यानेही टोक असंच धरलं होतं. या गाडीला पत्र्याची बॉडी चालत नाही, माणसाची लागते, म्हणाले. बाईंचे यजमान त्यातच वारले. मग गाडी झाडताना टोक बाईंच्या हातात आलं आणि त्या खंगत गेल्या. बुधवारपासून बघा, जिना कसा चढतात. सुटका एकच, दुसऱ्या कुणी टोक धरलं की पहिला मोकळा.

बाईंना जाब विचारला. त्यांनी उलट विचारलं, उद्या मंडळी येताहेत ना तुमच्या?

जेवलो. काटा वर आला नाही.

शनिवार, ८

उठवत नाही. बायको आली ती खोल्यांना नावं ठेवतच. कपाळाला हात लावून म्हणाली, पाच दिवस एकटं सोडलं की ही दशा. मी म्हटलं, गाडीजवळ जाऊ नकोस. तिथेच चुकलो. बावीस वर्षांत मी नको म्हटलेलं एकही काम तिने सोडलेलं नाही.

दुपारी एकदम कडकडून भूक. ताप नाही. वाटलं, झालो बरा—

खिडकीतून पाहिलं. ती डॅशबोर्डखाली. तार चिमटीत.

रविवार, ९

ती पडून आहे. अंग भाजतंय. म्हणते, अहो, प्रवासाचा शीण आहे, तोंड पाडून बसू नका. तार लावून दिली ना तुमची?

काटा अर्ध्यावर. तिचा.

मी ठणठणीत. जिना धावत चढलो आणि मधेच लाज वाटून थांबलो.

बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, एखादी कामवाली लावा. गाडी पुसायला सांगा. मीही तेच करणार होते, तेवढ्यात तुम्ही आलात.

रात्रभर विचार केला. केला, हे इथे लिहून ठेवतो.

सोमवार, १०

कामवाली नाही.

सकाळी टोक मी धरलं. काटा पावावरून उठला. माझा.

मग पक्कड घेऊन तार पार मुळापासून कापली, तुकडे गटारात. आता धरायला टोकच नाही. कुणालाच.

वर भांडी आपटतायत. म्हणजे ती उठली. एवढ्या जोरात, म्हणजे पूर्ण बरी.

बाई खिडकीत. हसत नाहीत.

मंगळवार, ११

काटा पावावर. खाल्लं, तरी पावावरच.

ती विचारते, गाडीत बसून काय लिहिता. म्हटलं, कचेरीचं. 'अर्थ' शब्दाची नोंद राहिली आहे.

बुधवार, १२

पाना आठवला. भिंतीला धरत गेलो. शटर उघडं, मिस्त्री पाठमोरे. वळले नाहीत. फळीवर एकच आकृती रिकामी. पाना टांगला. बरोबर बसला.

परत गाडीत. जिना चढवत नाही.

वरून हाक. अहो, जेवायला— येतो म्हटलं. आवाज निघाला की नाही—

पेट्रोलचा काटा तळाच्या लाल रेषेवर. नाही, रेषेच्या—