मीठ कुठे जातं?

सोमवार, ७ ऑक्टोबर

आज बॅगांसकट दाखल झाले! खोली ऐसपैस, खिडकीत ऊन, आणि दाराला चक्क लागणारी कडी. मत्स्यालयाच्या दुकानात आठ वर्षं बादल्या उपसल्यावर हे काम म्हणजे माहेरपणच. घरात एकट्या काकू. त्यांची लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिनेच मला फोनवर ठरवलं. बाबांच्या प्रवाळांची रया का गेली ते शोधा, आईलाही सोबत होईल, म्हणाली.

खाऱ्या पाण्याची टाकी दिवाणखान्यात, भिंतभर. काकांनी बारा वर्षं खपून उभी केलेली. ते जहाजांच्या तळाची दुरुस्ती करायला बुड्या मारायचे. मार्चमध्ये होडी उलटली. बाकीचे सापडले, ते नाही. हे सांगताना काकू चहात साखर ढवळत होत्या. ढवळतच राहिल्या.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

दिवसभर टाकीपुढे मांडी घालून बसले. फांद्यांची प्रवाळं बुंध्यापासून सोलत चालली आहेत. साल गळून खाली नुसता पांढरा सांगाडा. मऊ प्रवाळं तर आक्रसून बटणाएवढी झालीत. दिवे ठीक, तापमान ठीक, प्रवाळांना मारणारा तांब्याचा अंशही पाण्यात नाही. शेवटी मीठ मोजलं. हजारात पस्तीस भाग हवं, भरलं एकतीस. सापडला चोर! काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, कालच्या भाजीतही तुला मीठ कमीच लागलं होतं, तुझी जीभच तशी. दोघी खूप हसलो. उद्यापासून रोज थोडं थोडं मीठ वाढवायचं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

काल चौतीसवर आणलं होतं. आज पुन्हा बत्तीस.

हे गणित सुटत नाही. वाफ होऊन नुसतं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. पातळी उतरली की शेजारच्या पिंपातून पंप आपोआप गोडं पाणी भरतो. म्हणजे मीठ घटायचं तर खारं पाणीच टाकीबाहेर जायला हवं. प्रत्येक सांध्याला कागद लावून पाहिला. कोरडा ठणठणीत. टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं, तेही कोरडं. आणि पंप मात्र रोज वाफेने उडेल त्याच्या कितीतरी पट पाणी भरतोय.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

मीठ सापडलं. फरशीवर.

सकाळचं तिरकं ऊन आलं तेव्हा दिसलं. टाकीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत वाळलेल्या मिठाचे पांढरट डाग. बोट लावून चाखलं, खारट. खाली वाकून नीट पाहिलं तर टाच. पाच बोटं. पाऊल माझ्या वितीहून मोठं. काकूंची पावलं तर लहान मुलीसारखी आहेत.

काकूंच्या समोरच्या खुर्चीपाशी ठसे थांबतात. पुसून काढले. काकूंना विचारलं नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

रोज साडेतीनला काकू मला काहीतरी आणायला बाहेर पाठवतात. परवा सुई, काल काडेपेटी. आज पिना. दार आपटलं आणि बोळातच उभी राहिले.

चारला काठावरून पाणी सांडल्याचा आवाज. मग खुर्ची सरकली. काकू हळू आवाजात कुणाशी बोलत होत्या, मध्येच लाजल्यासारख्या हसत होत्या.

पाच मिनिटांनी आत गेले. समोरची खुर्ची निथळत होती. टेबलावर दोन कप. आणि काकूंचा उजवा हात दिवसभर पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. कोपरापर्यंत त्याला रंगच नाही. त्या प्रवाळांसारखा.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

काकूंनी आपणहून सांगितलं. होडी उलटली तिथलं पाणी त्यांनी कॅनभर मागवलं आणि टाकीत ओतलं. तिसऱ्या दिवशी ते आले. बोलत नाहीत, नुसता हात धरून बसतात. प्रवाळं मेली तर मरू देत, म्हणाल्या, मला माझं माणूस परत मिळालंय. आणि तू अगं, कशाला मध्ये पडतेस?

लेकीला फोन केला. शनिवारी पाचपर्यंत पोचते, तोवर टाकी बंद करा, म्हणाली. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

वरून जाड फळी स्क्रूने घट्ट बसवली.

चारला थाप पडली. आतून. पालथ्या नव्हे, उघड्या पंजाची. पुन्हा. पुन्हा. सगळे मासे एका कोपऱ्यात चिकटून. काकू काचेला गाल लावून रडत होत्या, त्यांना गुदमरतंय गं, उघड. मी त्यांना घट्ट धरून ठेवलं. माझ्या हाताखाली त्यांचा खांदा बर्फासारखा.

पाचला सगळं शांत.

शनिवार, १९ ऑक्टोबर, सकाळ

मीठ पस्तीस! मऊ प्रवाळं उमलली आहेत. रडूच आलं.

पण पाणी फळीला टेकलंय. पंप बंद, पिंप काठोकाठ. बाहेरून थेंबही आला नाही. एका माणसाएवढं पाणी वर सरकलंय — म्हणजे तो आत —

दुपार

आंघोळीला गेले तेवढ्यात. स्क्रू फरशीवर, सुरीचं टोक मोडलेलं. स्टुलावर काकूंच्या चपला. टाकी अर्धी रिकामी. आत कुणी नाही.

ठसे दोघांचे. एक मोठं, एक लहान. खोलीत येऊन कडी लावली.

साडेचार

दारापाशी काकू. आवाज गोड, ओला. काका म्हणतात पोरीने प्रवाळं छान राखली — भेटायचंय — उघड गं —

दाराखालून पाणी येतंय. फोन बाहेरच राहिला —

घंटा वाजली. लेक आली. देवा, लवकर आली. पावलं तिकडे गेली. ओरडले, आत येऊ नकोस, पळ —

तिला ऐकू गेलं. ती थांबली. मग —

मग ती बाबा म्हणाली. लहान मुलीसारखी. बाबा —

रडत धावली त्यांच्याकडे. आता रडणं नाही. काहीच नाही. पाण्याचा आवाज फक्त. तिघं येताहेत इकडे. ती माझं नाव घेतेय, कडी काढ म्हणतेय, घाबरू नकोस, बाबाच आहेत, फक्त हात धर —

दार फुगलंय. कडीचा खिळा —