दुपारच्या ताटावरची आई

प्रिय फौजदारीणबाई,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तू लगेच उलटतपासणी सुरू करतेस आणि दादाला मुद्द्यापर्यंत पोचू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आईचं विसरणं तुला ठाऊक आहेच. मला ती कधी तिचा भाऊ समजते, कधी वायरमन. वायरमनला मान जास्त मिळतो. पण हल्ली नवीनच निघालंय. दुपारी ताटावर बसते, भाजी बाजूला सारते आणि कोंबडी मागते. आपली आई, जिने इतकी वर्षं अंडंसुद्धा घरात येऊ दिलं नाही! सोडल्याचं विसरली, चव तेवढी लक्षात राहिली. बाकी काही धड तोंडात घेत नाही. पार वाळत चाललीय.

पूर्वी यज्ञाला सोमवल्ली मिळेना तेव्हा याज्ञिक दुसरी वेल कुटून काम भागवत आणि तिला प्रतिनिधी म्हणत. त्या आधारावर मी सोयाचे तुकडे आणले. मग ते नकली मांसाचं महागडं पाकीट आणलं. त्यावर हसऱ्या कोंबडीचं चित्र असतं. सुटली म्हणून हसत असेल. तुझ्या वहिनीने जीव ओतून रस्सा केला. आईने एक घास चावला, ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि म्हणाली, म्हातारीला फसवतोस होय रे? तेव्हा मला कळलं, शास्त्र यज्ञाला चालतं, जिभेला नाही. धडधाकट होती तेव्हाही ती असल्या पाकिटांना हसायचीच. सोडलं तर सोडलं, त्याचं सोंग कशाला आणायचं, म्हणायची.

डॉक्टर म्हणतात, मागतील ते द्या. वहिनी म्हणते, शिजवते, पण परवासारख्या भानावर आल्या तर कुठल्या तोंडाने समोर जाऊ? परवा सकाळी आईने मला चक्क नावाने हाक मारली आणि विचारलं, घरात तसलं काही आणलं नाहीस ना? दुपारी पुन्हा कोंबडी. एका दिवसात दोन आया, ऐकू कुणाचं?

लहानपणी तू लळा लावलेली ती लंगडी कोंबडी तू विसरली नसशील. पाहुण्यांच्या ताटात तिचा वाकडा पाय ओळखलास आणि आईशी बोलणंच टाकलंस. शेवटी तुझ्या डोक्यावर हात ठेवून तिने मांस सोडायची शपथ घेतली. पुढे हॉस्टेलवर तू सगळं खायला लागलीस, हे तिला कळलं होतं. मी आईला म्हटलं, आता सुटलीस की. तर म्हणाली, शपथ पोरीसाठी घेतली खरी, पण तेव्हापासून मी कोंबडीकडे नीट बघायला लागले, त्याला काय करू?

काल मी रांगेत उभा राहून कोंबडी आणली. फ्रीजच्या मागच्या खणात पडून आहे. शिजवायचा धीर होत नाही, फेकायचाही नाही. आईने घास न घेताच एक जीव तर गेला. म्हणून हे लिहितोय. शपथ तुझ्या डोक्यावरची आहे. ये, तिच्याजवळ बस, तिला मोकळी कर, नाहीतर मला मनाई कर. खरं म्हणजे यातलं काहीच आता तुझ्या हातात नाही, हे मलाही कळतं. तरी ये. ती रोज दुपारी भुकेली बसते, आणि मी समोर बसून तिला खोट्याचा आग्रह करत असतो.

तुझाच,
काही न सुचणारा दादा