अंगठ्याला बांधलेली झोळी

३ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईंनी नवं खूळ काढलंय. नऊ महिन्यांच्या पोरीला हातांनी बोलायला शिकवायचं! मूठ उघडझाप केली की दूध. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं जुळवली की आणखी. पंजे उलटसुलट हलवले की संपलं. हेलन म्हणते, "पप्पा, तोंडाआधी हात तयार होतात. मी शाळेत गेले की एंजेला तुमच्यापाशीच असते, तुम्हीच शिकवा." मरिया ती मूठ बघून म्हणाली, "म्हशीची धार काढाया शिकवती का काय? अशानं पोर मुकी ऱ्हाईल."

बायको आणि सून यांच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण मला शेवगावात इतकी वर्षं संसार करून आलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर मूठ उघडझाप. तपासणीला आलेल्या साहेबाकडे माझ्या वर्गातली पोरं बघायची, तशी एंजेला माझ्याकडे बघते.

इथं लिहायला हरकत नाही. डावा कान कधीच गेलाय, आता उजवाही चालला. कोणाला सांगितलेलं नाही. मरियाचा आवाज पोचतो — तो बाजारतळापर्यंत पोचतो. हेलनच्या ओठांवर नजर ठेवतो. बाकी हं-हं करून भागवतो. पण ज्याला रडणं ऐकू येत नाही, त्याच्याकडे पोर कोण ठेवील? हेलनला कळलं की एंजेला पाळणाघरात. मग या घरात दिवसभर मी करायचं काय?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज घाबरलो. मरिया दळण आणायला गेलेली, एंजेला झोळीत, मी पेपरात. सहज मान वर केली, तर पोर झोळीच्या काठावरून बघतेय. तोंड रडून लाल, नाक वाहतंय, आणि एक हात बाहेर काढून मूठ उघडझाप. दूध! किती वेळ रडत होती, देव जाणे. बिचारीनं ओरडून बघितलं, म्हातारा ढिम्म. मग हातानं सांगितलं. तिला उचलून छातीशी धरली. लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. दूध पिऊन ती झोपली, मी मात्र तिच्यासमोरून हललो नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. ती हलली की अंगठा ओढला जातो. मरियानं विचारलं, "ह्ये काय?" म्हटलं, झोका द्यायला सोपं पडतं. "बरं," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

जोशुआ जेवणाआधी प्रार्थना म्हणायला लागला की वरण निवतं. माझाच मुलगा, बोलणार काय! एंजेलाला गप्प ठेवायला मी हळूच केळ्याचा तुकडा भरवला. तो गिळून तिनं बोटं जुळवली. आणखी! पहिल्यांदाच! तेवढ्यात "आमेन" झालं. मरियानं डोळे उघडले, तर नात हात जोडून बसलेली.

"प्रार्थना करती गं माझी बाय!"

हेलन हसू दाबत होती. मी उरलेलं केळं भरवून टाकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर चर्चबाहेर मरियानं नातीच्या प्रार्थनेची गोष्ट सगळ्यांना सांगितली. पाळकसाहेबांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. शेजारच्या राहीबाईंनी राजगिऱ्याचा लाडू दिला. तो संपताच एंजेलानं पाळकसाहेबांसमोर पुन्हा बोटं जुळवली आणि सगळे गहिवरले. खरं काय ते सांगावंसं वाटलं. पण देवापुढं आपण सगळे तरी दुसरं काय मागतो?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मरिया हल्ली निवडण-टिपण घेऊन बाहेरच्या खोलीत, झोळीजवळच बसते. दळणाला जोशुआला पाठवते. माझी जागा अडते. पेपर वाचायचीही सोय राहिली नाही.

५ मार्च, बुधवार

हेलननं जेवताना विचारलं, "पप्पा, काल मागून इतक्या हाका मारल्या, ऐकल्या नाहीत?" मी तोंड उघडायच्या आत मरिया कडाडली, "नातीसंगं हातवारे कराया लागले की त्यांना जगाचं भान ऱ्हातं व्हय?"

सुटलो. बायकोची बोलणी इतकी गोड कधी लागली नव्हती.

९ मार्च, रविवार

दुपारी जेवताना जोशुआ-हेलन आपल्याच गप्पांत. मरिया स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझी नजर गेली. तिनं हाक मारली नाही. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं जुळवली आणि भुवया उंचावल्या. भाकरी, आणखी?

मी पंजे हलवले. संपलं. ती आत वळली.

कधीपासून ठाऊक आहे हिला?

ती पुन्हा दारात आली, तेव्हा मी बोटं जुळवली. भूक नव्हती, तरी. ती भाकरी घेऊन आली.