बाजूचा खिसा

सोमवार, ६ जानेवारी

सावंतांचं डोकं फिरलंय! आज अख्ख्या गाळ्यासमोर सांगितलं त्यांना — नर्सच्या युनिफॉर्मचा छातीवरचा खिसा चुकीचा आहे. पेशंटवर वाकलं की पेन, कात्री सगळं खाली. घाटकोपरच्या हॉस्पिटलातली श्रुतिका सिस्टर गाळ्यात येऊन माप देताना अगदी रडकुंडीला आली होती. तुम्ही मॅनेजर ना? करा ना काहीतरी! तर म्हणे, "मगे? तू काय करतलंस?" आणि गेले चहा प्यायला.

अहो, मी काय करणार! सोळा वर्षं शिलाई मशीनवर काढली, आता लाईन सांभाळते. डिझाईन बदलायला मला कोण विचारतंय? भिंतीवर केतनशेठनी बोर्ड लावलाय — 'इथे प्रत्येक कामगार मालक आहे'. मालकाला बाथरूमला जायला विचारावं लागतं का?

गुरुवार, ९ जानेवारी

करूनच दाखवते. बघा!

मंगळवार, १४ जानेवारी

उरलेल्या कापडावर केला. खिसा खाली आणला, बाजूला, कमरेपाशी. खोल. आत पेनाला वेगळा कप्पा. पाच वेळा उसवला. वाकून बघितलं, उकिडवं बसून बघितलं — कात्री पडत नाही! झकास!

सावंतांना दाखवला. त्यांनी स्वतःच्या पोटाला लावला आणि वाकले. "बरो आसा." एवढंच. ना हो, ना नाही. मग मीही विचारलं नाही. चाळीसच्या ऑर्डरमधले वीस माझ्या खिशाने शिवून घेतले. घरी सुबोध म्हणतो, "नोकरी जाईल गं संघमित्रा, पोरीच्या कॉलेजचं काय?" नवरा झाला म्हणून काय, भीती त्याने आपल्यापाशी ठेवावी.

बुधवार, २२ जानेवारी

वाट लागली. हॉस्पिटलच्या स्टोअरवाल्याने फोनवर बोंब ठोकली — नमुन्यासारखा माल नाही, ते वीस परत न्या. केतनशेठ लालबुंद. "कोणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सावंत पुढे! "मी सांगितलंय."

सपशेल खोटं! शेठ त्यांना नको नको ते बोलले. साठीला आलेला माणूस मान खाली घालून ऐकत होता. नंतर गाठलं मी त्यांना — का हो असं केलंत? "खिशाची शिलाई डबल घाल पुढच्या टायमाक," म्हणाले. मी मशीनमागे जाऊन रडले. रागही आला. माझं भांडण मला भांडू द्यायचं ना!

शनिवार, २५ जानेवारी

टेम्पो परत आला. वीस गेले होते, अकराच आले. नऊ सिस्टरांनी अंगातून काढून द्यायलाच नकार दिला! श्रुतिका सिस्टर म्हणे स्टोअरवाल्याला बोलली, "हिंमत असेल तर घे!" पोट धरून हसले मी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मेट्रनची ऑर्डर आली. सहाशे! सगळे बाजूच्या खिशाचे. केतनशेठ पेढे वाटत फिरतायत. आणि नोटीस लावलीये — शनिवारच्या वार्षिक कार्यक्रमात 'कल्पक कर्मचारी' बक्षीस धाकू सावंतांना. का, तर त्यांनीच सांगितलं होतं ना!

सावंतांनी नोटीस वाचली. आणि गेले चहा प्यायला. शिव्या खाल्ल्या म्हणून काम यांचं झालं? अजून हातांना सुया टोचल्याच्या खुणा आहेत माझ्या! राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. शनिवारी सगळ्यांसमोर त्यांच्या पुढ्यात टाकणार. मग बसू दे बक्षीस कुरवाळत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

नाव पुकारलं. सावंत उठलेच नाहीत. खुर्चीतूनच ओरडले, "माका कित्याक? चूक होती तवा माझी होती. काम संघमित्राचा!"

केतनशेठ माईक धरून तसेच उभे. मी गेले वर. राजीनामा पर्समध्येच राहिला. शेठ म्हणाले, दोन शब्द बोला. म्हटलं, पुढच्या महिन्यापासून मापं घ्यायला वॉर्डात मी स्वतः जाणार. विचारत नाहीये, सांगतेय.