शिकरणातली गोळी

जळगाव, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मयुरी,

आईच्या तेराव्यानंतर तू धुळ्याला गेलीस, त्याला साडेतीन महिने झाले. तुझे फोन उचलले नाहीत, मेसेज नुसते वाचून ठेवले. माफ कर. मी शाळेत जाते, स्वयंपाक करते. रडू एकदाही आलं नाही. हे बरं की वाईट, कळत नाही.

मागच्या आठवड्यात आईची उरलेली औषधं मेडिकलवाल्या भूषणकडे नेली. तो एकेक पाहत होता. छातीत दुखलं की जिभेखाली धरायची गोळी, दम्याचा पंप, पाठीला चिकटवायची पट्टी. रक्तदाबाच्या नव्या गोळीपाशी थांबून त्याने सहज विचारलं, आजी ही सबंध गिळायच्या ना? ही चोवीस तास पोटात हळूहळू विरघळते. कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं, रक्तदाब झपकन खाली येतो. आपल्याकडे केळ्यात कुटून देणारे फार, सांगून सांगून थकलो, असं म्हणून हसला. मी म्हणाले, हो, गिळायची.

घरी येऊन वही काढली. आईच्या औषधांच्या वेळा मी मिनिटासकट लिहायचे, तुला माहीत आहे. ‘सकाळी ८.१०, नवी गोळी दिली.’ कशी दिली, ते लिहिलेलं नाही.

गोळी घशात अडकते म्हणून आई पहिल्याच दिवशी चिडली होती, “हाई गोयी शे का दगड? गयाम्हा अटकस!” मग मी ती खलबत्त्यात कुटून शिकरणात कालवली. तिने वाटी पुसून खाल्ली. त्याच दिवशी दहा वाजता बेबाबाई तिला धरून न्हाणीकडे नेत होत्या, तेव्हा तिचे डोळे फिरले. खुबा मोडला, नऊ दिवसांत गेली. गोळीमुळेच पडली का, ते आता कोणीच नक्की सांगू शकणार नाही. पण बेबाबाईंनी हात सोडला नव्हता. मी दारातच उभी होते.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आईला सांभाळायला ठेवलेल्या बाईनेच तिला पाडलं. मी गप्प बसले. नंतर गल्लीतल्या आणखी ज्या दोन घरी बेबाबाई कामाला जायच्या, त्यांनीही त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. गोळी मी कुटली, मयुरी. रागवायचं तर माझ्यावर रागाव. आणि त्या दोन्ही घरी फोन करून खरं काय ते सांग. पाडलं असं तूच म्हणाली होतीस, म्हणून तुझंच ऐकतील.

तुझीच,
दिपमालाताई

ता. क. वहीत लिहून ठेवलं आहे, ‘उद्या: नशिराबादला बेबाबाईंच्या घरी जाऊन हे समोर बसून सांगणे.’