शिवला, नाही शिवला

१२ जानेवारी

नागपूरहून मकरंददादांचा फोन. शुभंकरचे मोठे भाऊ. म्हणाले, "फेब्रुवारीअखेर राजीनामा दे. एप्रिलात सामान हलवू. आपण शुभंकरला शब्द दिलाय, नीरजा."

आपण! मी कधी दिला?

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन कुणी आलं नाही. बरंच झालं.

१५ जानेवारी

शुभंकरचा तो दहावा दिवस डोक्यातून जात नाही. एकदा लिहूनच टाकते.

श्रीरंगपट्टण, कावेरीचा काठ. बायकांनी यायचं नसतं म्हणे. शुभंकरच्या आई ऐकेनात, म्हणून मीही गेले. पिंड ठेवला. कावळा शिवेना. समोरच्या झाडावर सात-आठ बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला." मकरंददादांनी हात जोडले. "शुभंकर, काळजी करू नकोस. नीरजा नोकरी सोडून नागपूरला येईल. आमच्यात राहील."

आणि एक उतरला! चोच मारली. सगळे रडायला लागले. शुभंकरचे मामा म्हणाले, "बघा, जीव बायकोत अडकला होता."

नऊ वर्षांच्या संसारात शुभंकर एकदाही म्हणाला नाही की नोकरी सोड. उलट बेंगळूरच्या सर्जापूर रोडवरचं हे घर दोघांच्या ऑफिसांच्या मध्ये पडावं म्हणून त्यानेच शोधलं. एका दुपारी मीटिंगमधून उठला तो परत आलाच नाही. निरोप नाही, काही नाही. आणि आता कावळ्याकडून निरोप पाठवतो?

१६ जानेवारी

ऑफिसने स्टॅटिस्टिक्सच्या कोर्सला बसवलंय. "मन रमेल," असं मॅनेजर म्हणाली. माझं मन रमवायची सगळ्यांनाच घाई.

शिकवणारा ईशान म्हणून मुलगा आहे, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. पिशवीत आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या. पाच काढायच्या, सरासरी लिहायची, परत टाकायच्या. पुन्हा पाच. पिशवी तीच, पण दर वेळी सरासरी वेगळी! फळ्यावर आमच्या सगळ्यांच्या सरासऱ्यांचा ढीग झाला, मधे उंच, कडेला उतरता. ईशान म्हणाला, "हे सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन. म्हणून एका सॅम्पलवर कधी बोलायचं नाही. एक सॅम्पल म्हणजे अफवा."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. श्रीरंगपट्टणला सॅम्पल किती होतं? एक.

१८ जानेवारी

गृहपाठ — स्वतः आकडे गोळा करायचे, दोन गटांतल्या फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढायचा. म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो, तो पट्टा. बाकीच्यांनी बेळ्ळंदूरचा ट्रॅफिक घेतला. मी कावळे घेतले.

गच्चीवर भाताचा गोळा. नाणं उडवायचं. छापा पडला तर मोठ्याने म्हणायचं, "मी नागपूरला जाईन." काटा पडला तर गप्प. वीस मिनिटं थांबायचं. शिवला, की नाही शिवला.

पहिल्यालाच छापा. तोंडातून शब्द निघेना.

२० जानेवारी

काटा. शिवला!

२४ जानेवारी

शेजारच्या शालनअक्का गच्चीवर आल्या. तीन पिढ्यांच्या बेंगळूरकर. "काय गं, कावळ्यांची जनगणना करतेस?" सांगितलं सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मीठ स्वल्प कमी घाल भातात. नाहीतर कावळा म्हणेल, नागपूर राहू दे, आधी पाणी आण!"

मी हसले. शुभंकर गेल्यावर पहिल्यांदा. मग स्वतःचीच चीड आली.

जाताना म्हणाल्या, "पण हे कावळे माझ्या डोशाला येतात हां. रोज याच वेळेला टाकते." म्हणजे आठवडाभराचे आकडे वाया! माझा चेहरा बघून म्हणाल्या, "सरी, चालेल. महिनाभर डोसे बंद. तुझ्या नवऱ्यासाठी."

उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून, जमेल तेव्हा दिवसातून दोनदा.

९ फेब्रुवारी

आता "मी नागपूरला जाईन" असं सहज म्हणता येतं. भीती वाटली.

२२ फेब्रुवारी

चाळीस झाले.

वचन दिलं तेव्हा बावीसपैकी पंधरा वेळा शिवला. गप्प होते तेव्हा अठरापैकी बारा वेळा. फरक जेमतेम दीड टक्का. इंटरव्हल उणे अठ्ठावीसपासून अधिक एकतीस टक्क्यांपर्यंत. शून्य आत! म्हणजे फरक मुळीच नसूही शकतो.

तीनदा तपासलं. शून्य आतच आहे.

२३ फेब्रुवारी

ईशानने विचारलं, "रोज तोच कावळा येत नसेल कशावरून? सॅम्पल स्वतंत्र हवं." एक तुटक्या पंखाचा नेहमी येतो खरा. मार्क मात्र चांगले दिले. कावळेच का, हे विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी

मकरंददादांना फोन केला. एवढं सलग त्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते. "शून्य आत आहे, दादा. वचनाने फरक पडतो असं म्हणताच येत नाही."

ते इंजिनिअर. शांतपणे म्हणाले, "फरक पडत नाही, असं तरी म्हणता येतं का? तुझ्याच आकड्यांनी तो एकतीस टक्क्यांपर्यंत असू शकतो."

बरोबर आहे. चाळीस फार थोडे. कोर्समध्ये हेच तर शिकवलं!

"आणि नीरजा, तुझ्या गच्चीवर पिंड नव्हता. भात होता."

मागून आईंचा आवाज आला, "कोण आहे रे? नीरजा का?" दादांनी त्यांना फोन दिला नाही.

२७ फेब्रुवारी

राजीनाम्याची मेल लिहून ठेवली. उद्या पाठवायची. भांडून दमले. शुभंकरचा राग येतो. एक वाक्य बोलून गेला असता, तर सगळ्यांनी मिळून आपलं वाक्य त्याच्या तोंडी घातलं नसतं. मेलेल्या माणसावर रागावलं की सगळे म्हणतात, असं बोलू नये. म्हणून इथे लिहिते.

२८ फेब्रुवारी

सकाळी आईंचा फोन. दादा बाजारात गेले होते.

"मकरंद सांगत होता तू काय काय केलंस ते. मला त्यातलं कळत नाही. पण त्या दिवशी तो बोलत होता ना, तेव्हा मीही बोलत होते. मनात. म्हटलं, शुभू, खाऊन घे रे, उशीर झालाय. तेवढंच. आणि तो आला."

फोन घेऊन मी गच्चीवर गेले.

"मकरंदला सांगू नकोस. वाईट वाटेल त्याला. पण तू येऊही नकोस."