पोस्टर गेलं, नारळ आला

रविवार संध्याकाळ, न्हावरे

डोकं अजून तापलेलंच हाय. केडगावात दुकानाच्या उद्घाटनाला सिनेमातला तो खलनायक आला होता. त्याच्या पहिल्या सिनेमाचं पोस्टर मी कॉलेजपासून जपलेलं. त्यावर सही घ्यायला ते घेऊन, मार्करचं टोपण काढूनच स्टेजवर चढलो. तर माईकवर बोलणाऱ्या, माझ्या ओळखीच्या आप्पांनी पुकारलं, "न्हावऱ्याच्या चाहत्याकडून पाहुण्यांना ही भेट!"

टाळ्या पडल्या. पाहुण्यानं पोस्टर छातीशी धरलं. एवढ्या लोकांत परत कसं मागायचं? उलट माझाच सत्कार, शाल आन् नारळ. पोस्टर त्याच्या गाडीतून गेलं. मार्कर माझ्या हातात, उघडाच.

घरी बायकोला म्हणालो, "निदान नारळावर तरी सही घ्यायला पाहिजे होती."

"बरं झालं न्हाई घेतली," ती म्हणाली. "उद्या चटणीला फोडायचाय."